'हिबाना' कळायची असेल तर आधी मान्झाई कळायला हवी

विनोदवीरांवरची मालिका म्हणून 'हिबाना' लावली, तर पहिले दोन भाग संपेपर्यंत फारसं हसू येत नाही. दोन तरुण रात्री-अपरात्री तोक्योच्या गल्ल्यांमधून चालतात, स्वस्तातल्या बारमध्ये बसतात, बोलतात आणि पुन्हा चालायला लागतात. कॅमेऱ्याला कसलीच घाई नाही. मध्येच एखाद्या छोट्या थिएटरात ते माईकसमोर उभे राहून भरभर काहीतरी बोलतात, समोरचे थोडेफार लोक हसतात किंवा हसत नाहीत, आणि सबटायटल्स वाचणाऱ्या आपल्याला कळत नाही की यात गंमत नेमकी कुठे होती.

न कळण्यात प्रेक्षकाचा काही दोष नाही. या मालिकेचा मूळ प्रेक्षक जपानी आहे आणि 'मान्झाई' हा दोघांनी मिळून करायचा विनोदाचा प्रकार त्याच्या लहानपणापासून ओळखीचा आहे. मान्झाईत कोण काय करतं, कोणी कोणाला टोकायचं, गुरू म्हणजे कोण, सीनियर म्हणजे कोण, हे त्याला सांगावं लागत नाही. आपल्याला सांगावं लागतं. एकदा ते कळलं की हीच मालिका वेगळी दिसायला लागते. कलेच्या मागे लागलेल्या माणसाचं आयुष्य इतक्या प्रामाणिकपणे दाखवणारी दुसरी मालिका मी तरी पाहिलेली नाही. ती केवळ संदर्भ ठाऊक नाहीत म्हणून कोणी अर्ध्यावर सोडली, तर मला खरंच वाईट वाटेल.

आधी गोष्ट थोडक्यात. साल २००१, उन्हाळा. शिझुओका प्रांतातलं आतामी हे समुद्रकाठचं गाव गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी आणि समुद्रावर होणाऱ्या आतषबाजीसाठी प्रसिद्ध आहे. तिथे रस्त्याकडेला उभारलेल्या तात्पुरत्या स्टेजवर 'स्पार्क्स' नावाची नवखी जोडी उभी आहे. तोकुनागा आणि यामाशिता, शाळेपासूनचे मित्र. पाळलेल्या पोपटाने आपल्याला काय ऐकवलं तर सगळ्यात जास्त झोंबेल, असा त्यांचा विषय. ऐकायला कोणी थांबत नाही, कारण सगळी गर्दी आतषबाजी बघायला किनाऱ्याकडे निघाली आहे. तेवढ्यात आकाशात पहिला बार उडतो आणि त्यांचे शब्द त्या आवाजात बुडून जातात. पडलेल्या चेहऱ्यांनी ते खाली उतरतात. पुढची जोडी 'आहोन्दारा'. त्यातला कामिया जाता जाता तोकुनागाला म्हणतो, तुमचा सूड मी घेतो. आणि मग स्टेजवर चढून तो ठरलेलं काहीच करत नाही. समोरून जाणाऱ्या एकेका माणसाकडे बोट दाखवतो आणि 'नरक, नरक, नरक' असं ओरडत सुटतो.

आयोजक भडकतात. तोकुनागा मात्र खिळून उभा राहतो. त्याच रात्री जेवताना तो कामियाला म्हणतो, मला तुमचा शिष्य करून घ्या. कामिया चोवीस वर्षांचा, तोकुनागा वीसचा. कामिया हो म्हणतो, पण एका अटीवर: तू माझं चरित्र लिहायचं. पुढची दहाएक वर्षं ही मालिका या दोघांच्या मागोमाग चालत राहते.

मूळ गोष्ट कादंबरीची. ती लिहिणारे नाओकी मातायोशी स्वतः विनोदवीर. 'पीस' या जोडीमुळे ते जपानभर ओळखले जात होते, आणि त्याआधीची त्यांची जोडी फुटलेली होती. म्हणजे जोडी फुटणं काय असतं, ते त्यांना ऐकून माहीत नव्हतं. २०१५ साली कादंबरी आली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये तिला आकुतागावा पुरस्कार मिळाला. जपानमध्ये नव्या साहित्यिकाला मिळणारा हा सर्वांत मानाचा पुरस्कार, आणि तो एका विनोदवीराला मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. पुस्तकाच्या वीस लाखांहून जास्त प्रती खपल्या. जून २०१६ मध्ये नेटफ्लिक्सवर तिची दहा भागांची मालिका आली. मुख्य दिग्दर्शक रयुइची हिरोकी, तोकुनागाच्या भूमिकेत केंतो हायाशी आणि कामियाच्या भूमिकेत काझुकी नामिओका.

एक माईक, दोन माणसं

मान्झाई म्हणजे दोघांनी उभ्या-उभ्या केलेलं विनोदी संभाषण. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, हातात वस्तू नाहीत. दोघांमध्ये एक माईक, आणि तोही बहुतेक वेळा एकाच ठरावीक मॉडेलचा: सोनीचा सी-३८बी. जपानमध्ये त्याला लाडाने 'सानपाची' म्हणतात, म्हणजे नुसतं 'तीन-आठ'. करड्या रंगाचा, जाडजूड, स्टँडवर उभा. दोघांना मिळून एकच माईक असल्यामुळे त्यांना खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागतं. दूर गेलं की आवाज जातो. त्यामुळे बोलायचं एकमेकांशी, पण तोंड प्रेक्षकांकडे, अशी एक विचित्र अवस्था तयार होते. मान्झाई करणाऱ्यांच्या तोंडी या माईकचा उल्लेख आदरानेच येतो. 'सानपाचीसमोर उभं राहणं' म्हणजे या धंद्यात पाऊल ठेवणं.

दोघांची कामं वाटून दिलेली असतात. एकजण 'बोके'. तो काहीतरी चुकीचं, वेडगळ, जगात न बसणारं बोलतो. दुसरा 'त्सुक्कोमी'. तो ती चूक पकडतो आणि टोकतो. मराठी माणसाला हे समजायला जवळचं उदाहरण तमाशातल्या बतावणीचं. सोंगाड्या काहीच्या बाही बोलतो आणि समोरचा त्याला कोंडीत पकडत जातो. फरक असा की बतावणी वगाच्या आधी येते, मान्झाईत तेवढंच असतं. संपूर्ण खेळ त्या दोघांच्या बोलण्यावर उभा.

एक छोटा नमुना घेऊ. हा कुठल्याही जोडीचा नाही, फक्त रचना दिसावी म्हणून इथेच रचलेला.

"डॉक्टर म्हणाले, रोज दहा हजार पावलं चाला."

"बरोबर सांगितलं."

"बावीसशे चाललो आणि पावलं संपली."

"संपली म्हणजे? पावलं काय रिचार्जवर मिळतात?"

तिसरं वाक्य बोकेचं. तेवढंच ऐकलं तर माणूस जरा चक्रम वाटतो, इतकंच. चौथं वाक्य आल्यावर हसू येतं, कारण दुसऱ्याने त्या चुकीला आकार दिला. प्रेक्षकाच्या मनात जे अर्धवट उमटलं होतं ते त्याने पूर्ण केलं. म्हणजे टाळी बोकेला मिळते, पण तो हशा घडवतो त्सुक्कोमी. चांगला त्सुक्कोमी नुसता 'काय मूर्खासारखं बोलतोस' असं ओरडत नाही. तो जगाच्या बाजूने बोलतो. हे असं नसतं, इथे लोक असं वागत नाहीत, याची आठवण तो करून देतो, आणि त्यामुळेच बोकेला आणखी लांब उडी मारता येते. परत आणणारा कोणीतरी आहे याची त्याला खात्री असते. 'हिबाना'ची किल्ली नेमकी इथे आहे, तिच्याकडे थोड्या वेळाने येऊ.

यात तिसरी गोष्ट असते ती मधल्या रिकाम्या जागेची. बोकेचं वाक्य संपल्यावर किती क्षण थांबून टोकायचं? लवकर टोकलं तर प्रेक्षकाला चूक कळलेलीच नसते. उशीर झाला तर जमून आलेलं हसू विरून जातं. ही जागा जोडीगणिक वेगळी असते आणि ती सापडायला वर्षं जातात. मालिकेत स्पार्क्सचे दोघे बागेत, मोकळ्या जागेत उभे राहून तीच तीच वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणताना दिसतात ते यासाठी. पाठांतर कधीच झालेलं असतं. ते ती जागा शोधत असतात.

सबटायटल्समधून मान्झाई का हरवते, तेही यावरून लक्षात येईल. डोळे कानांपेक्षा जलद धावतात. पडद्यावर ओळ उमटली की टोकण्याचं वाक्य आपण नटाने उच्चारण्याआधीच वाचून मोकळे होतो. थांबा गेला की हसू गेलं. शिवाय तोकुनागा आणि कामिया दोघंही ओसाकाकडची बोली बोलतात. तोक्योच्या प्रमाणभाषेसमोर ती बोली मोकळी, ठसकेबाज, विनोदाला सोयीची वाटते. भाषांतरात तो सूर उरत नाही. म्हणून कार्यक्रमाची दृश्यं बघताना ओळींवरून नजर थोडी उचलावी आणि टोकणाऱ्याचा चेहरा बघावा. हशा पिकणार की नाही हे तिथे आधी दिसतं.

गुरू नसलेल्या काळात

मान्झाईचं मूळ फार जुनं, हेइआन काळापर्यंत, म्हणजे आठव्या ते बाराव्या शतकापर्यंत जाणारं. नव्या वर्षाला दोन माणसं दारोदार जाऊन घराला आशीर्वाद देत, एकजण गंभीरपणे शुभचिंतन करी आणि दुसरा ढोलकं वाजवत त्याची गंमत करी. त्या देण्याघेण्यातून पुढे करमणूक झाली. आजचं रूप ओसाकात घडलं. तिथे १९१२ साली योशिमोतो दांपत्याने एक थिएटर चालवायला घेतलं, त्याचीच पुढे योशिमोतो कोग्यो ही जपानमधली सर्वांत मोठी विनोदी कलाकारांची कंपनी झाली. १९३० साली एंतात्सु आणि आचाको ही जोडी जमली. त्यांनी गाणंबजावणं बाजूला ठेवलं, सूट चढवला आणि रोजच्या जगण्यावर नुसतं बोलायला सुरुवात केली. वासेदा आणि केइओ या विद्यापीठांच्या बेसबॉल सामन्यावरची त्यांची मान्झाई आजही अभ्यासली जाते.

मालिकेसाठी याहून महत्त्वाचं साल १९८२. त्याआधी विनोदवीर व्हायचं तर गुरू धरावा लागे. गुरूच्या बॅगा उचलायच्या, कपडे सांभाळायचे, विंगेत उभं राहून बघत शिकायचं. कोणी शिकवत नसे, बघून घ्यायचं. बऱ्याच शिष्यांना गुरूच्या नावातला एखादा भाग नाव म्हणून मिळे. १९८२ साली योशिमोतोने विनोदवीर घडवणारी शाळाच काढली. फी भरा, शिका, बाहेर पडा. पहिल्याच तुकडीतून 'डाउनटाउन' ही जोडी निघाली आणि तिने जपानी टीव्हीवरचा विनोद बदलून टाकला. गुरूशिवायही जमतं, हे त्यामुळे सिद्ध झालं.

गुरू गेले, तरी उतरंड राहिली. गुरूंची जागा सीनियर-ज्युनियरने घेतली. इथे वय बघत नाहीत, धंद्यात कोण आधी आला ते बघतात. आधी आलेला मोठा, आणि मोठ्याने धाकट्याचं बिल भरायचं. हा अलिखित नियम इतका कडक आहे की खिशात दमडी नसलेला सीनियरही धाकट्याला पाकीट काढू देत नाही.

आता कामियाकडे बघा. त्याचं नाव कोणाला ठाऊक नाही. त्याची आणि तोकुनागाची एजन्सीही वेगळी. शिष्याला द्यायला त्याच्याकडे ना नाव, ना काम, ना घर. चार वर्षांनी मोठा, एवढंच त्याचं भांडवल. आणि तोकुनागा २००१ साली, गुरू धरण्याची पद्धत मागे पडल्यानंतर, त्याच्याकडे शिष्यत्व मागतो. हे मागणं जुनाट आहे, निरुपयोगी आहे, आणि म्हणूनच इतकं जिव्हारी लागतं. त्याला कारकिर्दीची शिडी नको आहे. आपण ज्याच्यासारखं असायला हवं होतं असा एक माणूस त्याला सापडला आहे.

कामिया मात्र गुरूची सगळी कर्तव्यं पार पाडतो. प्रत्येक वेळी बिल तोच भरतो. पैसे नसले तर कर्ज काढून भरतो. कर्ज वाढत जातं, सावकार मागे लागतात, आणि हे सगळं तोकुनागाला फार उशिरा कळतं. मालिकेत कामियाचा ऱ्हास दारूने किंवा अपयशाने जितका होतो तितकाच या मोठेपणाने होतो. त्याच्या पोटापाण्याची बाजू सांभाळते माकी. ती रात्रपाळीला बारमध्ये काम करते, दोघांना जेवू घालते, वाकडी तोंडं करून त्यांना हसवते. मुगी कादोवाकीने ती इतकी जिवंत केली आहे की ती निघून गेल्यावर मालिकेतली ऊब खरोखर कमी होते. माझी एक तक्रार आहे ती इथेच. या दोन पुरुषांची कला माकीच्या कष्टांवर चालते, आणि तिला काय वाटत होतं हे विचारायला मालिका फारशी थांबत नाही.

दोघंही बोके

आता ती किल्ली. स्पार्क्समध्ये तोकुनागा बोके आहे, त्याला टोकणारा यामाशिता. आहोन्दारात कामिया बोके आहे, त्याला टोकणारा ओबायाशी. स्टेजवर दोघांचीही परतीची सोय आहे. पण कार्यक्रम संपला की हे दोघे आपापल्या जोडीदारांना सोडून एकमेकांबरोबर रात्रभर भटकतात. म्हणजे ज्या जोडीवर ही मालिका आहे, त्या जोडीत त्सुक्कोमीच नाही. कामिया बोलतो, तोकुनागा त्याच्याकडे डोळे मोठे करून बघत राहतो. फार तर हळूच टोकतो, पण ते शिष्याचं टोकणं, त्याने कोणी थांबत नाही. कामिया आणखी पुढे जातो. पुढे जाता जाता तो अशा ठिकाणी पोहोचतो जिथून त्याला परत आणणारं कोणी नसतं.

कामियाचा विचार साधारण असा: मान्झाई करणारा माणूस स्टेजवर असो वा नसो, त्याचं उठणं-बसणं, खाणं-चालणं सगळं मान्झाईसाठीच असायला हवं. ऐकायला हे भव्य वाटतं. विशीतल्या तोकुनागाला तर हा धर्मच वाटतो. तोक्योतल्या इनोकाशिरा बागेत एकजण ढोलासारखं वाद्य घेऊन बसलेला असतो आणि नीट वाजवत नाही. कामिया त्याच्यावर अक्षरशः चिडतो, वाजवायचं तर मनापासून वाजव म्हणून त्याच्या मागे लागतो. तो वाजवू लागल्यावर मात्र कामियाच भान हरपून त्या ठेक्यावर गायला लागतो. त्याच्यावर जीव का जडतो, ते या एका प्रसंगातून कळतं.

आणि त्याची मर्यादा दुसऱ्या प्रसंगात कळते. एक तान्हं बाळ रडत असतं. कामिया त्याला हसवायला पुढे होतो, आणि काय करतो? माशीवर रचलेल्या छोट्या, काळ्या विनोदाच्या कविता त्या बाळाला ऐकवायला लागतो. बाळ रडतंच आहे. तोकुनागा पुढे येतो आणि जे कोणीही करेल ते करतो: हातांनी चेहरा झाकून 'भोऽऽ' करतो. कामिया त्याच्याकडे नाराजीने बघतो. हे त्याला पटलेलं नाही. समोर मोठा माणूस असो की सहा महिन्यांचं बाळ, आपल्याला जे खरंच गमतीदार वाटतं तेच द्यायचं, हा त्याचा बाणा. तोकुनागाला त्या क्षणी दोन गोष्टी एकदम उमगतात. कामिया खरा आहे आणि आपण नाही. पण समोरच्याला काय हवंय हे आपल्याला दिसतं आणि कामियाला दिसत नाही.

मला ही संपूर्ण मालिकेतली सर्वांत मोलाची दोन मिनिटं वाटतात. कलेबद्दलचा मोठा वाद इथे एका रडणाऱ्या बाळासमोर घडतो, आणि मालिका कोणाचीच बाजू घेत नाही. पुढे स्पार्क्सला थोडंफार यश मिळतं, टीव्हीवर चेहरे दिसायला लागतात. तो कार्यक्रम बघताना कामिया हसत नाही. त्यानंतर एक दिवस तो तोकुनागासारखेच रुपेरी केस रंगवून, त्याच्यासारखेच कपडे घालून समोर येतो. कोणाचीही नक्कल करू नये हे ज्याने शिकवलं, तोच आपली नक्कल करतोय हे बघून तोकुनागा कोसळतो.

ज्या वर्षी गोष्ट सुरू होते, त्याच वर्षी, २००१ साली, जपानमध्ये एम-१ ग्रांप्री ही मान्झाईची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. पहिलं बक्षीस एक कोटी येन. तेव्हाचा नियम असा की जोडी जमून दहा वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावी. स्पर्धेची कल्पना मांडणारे शिन्सुके शिमादा यांनी त्यामागचं कारण उघड सांगितलं होतं: दहा वर्षांत जमलं नाही त्यांना धंदा सोडायचं निमित्त मिळावं. हे कठोर वाटेल. पण छोट्या थिएटरात मिळणारं तुटपुंजं मानधन, दिवसा-रात्री दुकानांत केलेली पार्टटाइम कामं आणि चाळिशीकडे झुकलेलं वय हे सगळं एकत्र बघितलं की त्या नियमामागची कळकळही दिसते. २०२४ साली या स्पर्धेत दहा हजारांहून जास्त जोड्या उतरल्या. जिंकते एकच.

उरलेल्यांचं काय? यावर कामियाचं एक म्हणणं आहे, ते कादंबरीतही आहे आणि मालिकेचा कणाही तेच आहे. तो म्हणतो, ज्यांनी एकदा का होईना स्टेजवर उभं राहून बघितलं, ते सगळे हवेच होते. ते नसते तर जिंकणाऱ्यांना इतकं धारदार व्हावंच लागलं नसतं. मालिकेत ओबायाशीचं काम करणारा हिदेआकी मुराता हा खराखुरा मान्झाई कलाकार आहे, 'तोरो सामोन' जोडीतला. स्पर्धेची मुदत आता पंधरा वर्षांची झाली आहे. मालिका आल्यानंतर दीड वर्षाने, डिसेंबर २०१७ मध्ये, मुदतीच्या शेवटच्या वर्षी तोरो सामोनने एम-१ जिंकली. मालिकेतल्या आहोन्दाराला तसं काही मिळत नाही.

यापुढे शेवटाचा उलगडा आहे. स्वतः बघायची असेल तर पुढचे तीन परिच्छेद सोडून सरळ शेवटच्या परिच्छेदावर जा.

यामाशिताच्या घरी जुळं होणार असतं आणि तो धंदा सोडायचं ठरवतो. स्पार्क्सचा शेवटचा कार्यक्रम होतो. तोकुनागा सुरुवातीलाच जाहीर करतो की आज आम्ही मनात आहे त्याच्या बरोबर उलट बोलणार. मग तो यामाशिताला सांगतो की तुझ्यासारखा वाईट जोडीदार कोणाला मिळू नये. इतकी वर्षं समोर बसलेल्या प्रेक्षकांना तो 'मरा' म्हणतो. आता मान्झाईचं यंत्र आठवा. बोकेने चुकीचं बोलायचं, त्सुक्कोमीने ते चुकीचं आहे हे दाखवून द्यायचं. इथे चुकीचं बोलणं हाच खरं बोलायचा एकमेव मार्ग उरला आहे, आणि ते उलटं आहे हे थिएटरातल्या प्रत्येकाला ठाऊक असल्यामुळे टोकण्याचं काम सगळा प्रेक्षकच मनातल्या मनात करतो. म्हणून लोक हसता हसता रडतात. ज्यांना बोके-त्सुक्कोमीची रचना ठाऊक नाही त्यांना हे नुसतं भावुक वाटेल. ठाऊक असेल तर कळतं की या मुलाने दहा वर्षांत जे शिकलं ते सगळं एका कार्यक्रमात ओतलं.

त्यानंतर कामिया. कर्जापायी गायब झालेला कामिया परत येतो तो छातीवर शस्त्रक्रिया करून, मोठे स्तन बसवून घेऊन. विनोद म्हणून. लोक हसतील असं त्याला वाटलं होतं. तोकुनागा हसत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो गुरूवर ओरडतो. त्याचं म्हणणं असं: तुमच्या मनात वाईट काही नाही हे मला माहीत आहे, पण जगाला ते माहीत नाही. आपल्या शरीराशी, आपल्या लिंगओळखीशी झगडत जगणारी माणसं या जगात आहेत. तुम्हाला बघून त्यांना, त्यांच्या घरच्यांना काय वाटेल? जगाची पर्वाच न करणं म्हणजे माणसांशी प्रेमाने न वागणं, आणि ते गमतीदार नसतं.

कामिया रडायला लागतो. त्याने हा विचारच केलेला नव्हता. इतकी वर्षं जे काम करणारं त्याच्या रात्रींमध्ये कोणी नव्हतं, ते तोकुनागाने अखेर केलं. त्याने गुरूला टोकलं. जगाच्या बाजूने उभं राहून, स्वतः रडत रडत, 'हे असं नसतं' म्हणून सांगितलं. स्टेजवर आयुष्यभर बोके राहिलेल्या मुलाची ही पहिली खरी त्सुक्कोमी. तेव्हा तो स्टेज सोडून घरं भाड्याने देणाऱ्या एजन्सीत नोकरी करत असतो.

याच कादंबरीवर नोव्हेंबर २०१७ मध्ये एक चित्रपटही आला. दिग्दर्शक इत्सुजी इताओ हे स्वतः विनोदवीर, आणि मासाकी सुदा व केंता किरितानी ही जोडीही तगडी आहे. तरी सुरुवात मालिकेनेच करावी. दहा वर्षं दोन तासांत बसवली की प्रसंग राहतात, मधला कंटाळा, वाट बघणं, तीच तीच गल्ली पुन्हा पुन्हा तुडवणं हे सगळं गळून जातं, आणि या गोष्टीत वजन त्याचंच आहे. दिवसाला एकच भाग बघावा, शक्यतो रात्री. पहिल्या भागात आतामीचं दृश्य आलं की कामियाच्या शेजारी उभ्या ओबायाशीकडे लक्ष ठेवा. जोडीदार हाताबाहेर गेल्यावर टोकणाऱ्याच्या हातात काय उरतं, ते तिथेच दिसतं.